डिंकाच्या लाडवांच्या डब्यातला राउटर

भाचीला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी गेलो तर घरात नेट धड चालेना. राउटर शोधला, तर तो फ्रीजवर, डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात! वायरीपुरतं झाकण तिरकं ठेवलेलं. "बाळाला रेडिएशन नको," भाचीच्या सासूबाई म्हणाल्या. "मायक्रोवेव्हमध्ये असतं तेच यात असतं म्हणे. खरं ना, मामा?"

खरंच आहे ते. वायफायचा नेहमीचा पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 कोटी कंपनांचा, आणि ओट्यावरचा मायक्रोवेव्ह चालतो 2.45 वर. लहरींची लांबी दोन्हीकडे साधारण 12 सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित जास्त. मग एकात भात गरम होतो आणि दुसऱ्यात माणूस का नाही?

पाण्याचा रेणू शाळेत काढायचो तसा डोळ्यांसमोर आणा: मधे ऑक्सिजन, वर मिकी माउसच्या कानांसारखे दोन हायड्रोजन. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार, कानांच्या बाजूला थोडा धन. मायक्रोवेव्हमधलं विद्युतक्षेत्र सेकंदाला 245 कोटी वेळा उलटसुलट होतं आणि त्याच्याबरोबर रेणूही वळायला बघतात. पण शेजारपाजारच्या रेणूंनी हायड्रोजन बंधांनी त्यांना धरून ठेवलेलं असतं. विरारच्या लोकलमध्ये दाराकडे तोंड करू पाहणाऱ्या माणसासारखी गत. वळणं कमी, धक्काबुक्की जास्त. क्षेत्र पुढे निघून जातं, रेणू मागे रेंगाळतो आणि या रेंगाळण्यातच लहरीच्या ऊर्जेची उष्णता होते.

मायक्रोवेव्हची कंप्रता पाण्याच्या रेणूशी बरोब्बर जुळवलेली असते, असं सर्रास सांगतात, ते चूक. खोलीच्या तापमानाचं पाणी सर्वांत जोरात शोषून घेतं ते 20 गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे चालवला असता तर सगळी ऊर्जा वरच्या पातळ थरातच संपली असती. 2.45 वर ती एक-दोन सेंटीमीटर तरी आत शिरते. फ्रीजरमधला खवलेला नारळ ठेवून बघा. बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले, त्यांना वळताच येत नाही, म्हणून बर्फ फारसा तापत नाही. कडेला जरा पाणी सुटलं की मात्र तेवढंच भराभर तापत जातं. परवा माझा नारळ कडेनं चक्क शिजला होता आणि मधे चमचा शिरत नव्हता.

आपल्या अंगातही पाणीच पाणी, तेव्हा वायफायची लहर अंगात शोषली जाते आणि तिची उष्णता होते, हे नाकारायचं कारण नाही. राउटर आणि सोफा यांच्या मधे माशांची मोठी टाकी ठेवली की रेंज पडते, ती याचमुळे. प्रश्न किती, एवढाच. मायक्रोवेव्ह 800 वॉट एका बंद पेटीत कोंडतो. घरगुती राउटर साधारण 0.1 वॉट, तेही चहूकडे उधळतो. कपभर, म्हणजे 150 मिलिलिटर पाणी उकळायला मायक्रोवेव्हला मिनिटभर लागतं. राउटरचा सगळाच्या सगळा जोर त्या कपात कोंबला आणि कप जराही निवला नाही असं धरलं, तरी साडेपाच दिवस! मीटरभर अंतरावर त्याची तीव्रता उरते चौरस मीटरला 0.008 वॉटच्या आसपास. मोबाइल टॉवरसाठी आपल्याकडे सप्टेंबर 2012 मध्ये या पट्ट्यात जी मर्यादा लागू झाली ती 1 वॉटची, आणि तीही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश.

राहिला तो 'रेडिएशन' हा शब्द. मराठीत खरं तर दोन शब्द आहेत: प्रारण आणि किरणोत्सार. ऊनही प्रारण, दिव्याचा उजेडही प्रारण. किरणोत्सार म्हणजे युरेनियमसारख्या अस्थिर अणुकेंद्रातून जे बाहेर पडतं ते. वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट 'किरणोत्सर्ग' म्हणतात आणि वायफाय जाऊन बसतं चेर्नोबिलच्या पंगतीला. लहरीची ऊर्जा सुट्या पुडक्यांनी येते, त्या एकेका पुडक्याला फोटॉन म्हणतात. डीएनएतला बंध तोडायला एकेका फोटॉनजवळ काही इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी चिमुकलं माप) ऊर्जा लागते. वायफायच्या फोटॉनजवळ असते एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा लाखावा हिस्सा. (जरा जड होतंय, कळतंय मला.) नारळ फोडायला एक दणका लागतो, लाख टिचक्या मारून तो फुटत नाही. बाळाला मांडीवर घेतलेल्या आजीच्या अंगातून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण बाहेर पडतच असतं आणि त्यातला सरासरी फोटॉन वायफायच्या फोटॉनपेक्षा सुमारे सात हजार पटींनी दांडगा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 मध्ये रेडिओलहरी 'कदाचित कर्करोगकारक' या 2बी गटात टाकल्या, ते मुख्यतः मोबाइल कानाला लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुरावा तोकडा आहे, पण फाइल बंद करवत नाही, असा या गटाचा अर्थ. संघटनेनंच करून घेतलेला मोठा आढावा 2024 मध्ये आला, त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

बाजार मात्र तेजीत आहे. रेडिएशन शोषणारे स्टिकर, लॉकेट, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिपही दाखवली. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्यानं डिसेंबर 2021 मध्ये 'फाइव्ह जी'पासून वाचवणाऱ्या दहा वस्तू तपासल्या, तर त्याच किरणोत्सारी निघाल्या! त्यात लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं.

इकडे डब्यामुळे वायफाय पडलेलं, म्हणून भाची बाळाला पाजताना मोबाइल डेटा लावून बसलेली, तेही एका दांडीच्या रेंजवर. टॉवर लांब पडला की फोन जोर वाढवतो, 4जीवर 0.2 वॉटपर्यंत, म्हणजे राउटरच्या दुप्पट, आणि तो बाळापासून वीतभर. हे सांगितल्यावर राउटर डब्यातून निघाला.

"मग निदान रात्री बंद ठेवू ना?" सासूबाईंनी विचारलं. ठेवा म्हटलं. तो सात-आठ वॉट खातो. रोज आठ तास बंद ठेवलात तर महिन्याला पावणेदोन-दोन युनिट वाचतील. डबा घासायला गेला, लाडवांची दुसरी खेप व्हायची होती.