अयूब राजवट

पाकिस्तानात ऑक्टोबर १९५८ ते मार्च १९६९ या काळात जनरल (पुढे फील्डमार्शल) मुहम्मद अयूबखान यांच्या हाती असलेली सत्ता आणि तिच्याभोवती उभी राहिलेली राज्यव्यवस्था. पाकिस्तानातील ही पहिली लष्करी राजवट होय. तिचे सामान्यतः दोन टप्पे मानतात : ८ जून १९६२ पर्यंतचा उघड लष्करी कायद्याचा आणि त्यानंतरचा, संविधानाचे पांघरूण घेतलेला. राजवटीचा आरंभ काही लेखक ७ ऑक्टोबर १९५८ पासून धरतात, तर काही २७ ऑक्टोबरपासून. वीस दिवसांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण मुळात उठाव कोणाचा होता, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

अयूबखान : हजारा जिल्ह्यातील हरिपूरजवळच्या रेहाना गावी १४ मे १९०७ रोजी जन्म. वडील हॉडसन्स हॉर्स या रिसाल्यात रिसालदार-मेजर होते. अलीगढ येथे काही वर्षे शिक्षण झाल्यावर सँडहर्स्टला निवड व १९२८ मध्ये कमिशन. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. तेथील त्यांच्या नेतृत्वाबद्दल वरिष्ठांनी प्रतिकूल मत नोंदवले, असे काही लेखक सांगतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधील सैन्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सरसेनापतिपदासाठी ज्यांचे नाव पुढे होते ते मेजर जनरल इफ्तिखारखान डिसेंबर १९४९ मध्ये विमान अपघातात मरण पावले. ब्रिटिश सरसेनापती जनरल ग्रेसी यांच्याकडून १७ जानेवारी १९५१ रोजी अयूब यांनी सूत्रे घेतली, आणि पाकिस्तानी सैन्याला पहिला देशी सरसेनापती मिळाला. एका अपघाताला इतिहासात किती वजन द्यावे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. मात्र पुढची पावणेआठ वर्षे सरसेनापतिपद एकाच माणसाकडे राहिले आणि त्याच काळात पंतप्रधान मात्र भराभर बदलत गेले, ही बाब अधिक वजनाची दिसते. १९४७ पासून १९५८ पर्यंत सात पंतप्रधान झाले. त्यांपैकी इब्राहिम इस्माइल चुंद्रीगर हे एकेकाळी मुंबई प्रांतिक मुस्लिम लीगचे अध्यक्ष होते. त्यांचे मंत्रिमंडळ जेमतेम दोन महिने टिकले.

ऑक्टोबर १९५४ मध्ये अयूब सरसेनापतिपद न सोडताच संरक्षणमंत्री झाले. त्याच महिन्यात लंडनच्या एका हॉटेलात त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नांवर एक टिपण लिहिले होते. पश्चिम पाकिस्तानचा एकच प्रांत करावा, लोकांना ‘पेलेल’ एवढीच नियंत्रित लोकशाही द्यावी, वर बळकट राष्ट्राध्यक्ष असावा, असा त्याचा आशय. पुढे जे घडले त्याचा आराखडाच या टिपणात सापडतो, म्हणून अभ्यासक त्याला फार महत्त्व देतात. हे टिपण प्रसिद्ध झाले ते अयूब सत्तेवर आल्यानंतर, त्यांच्याच बाजूने. त्यामुळे ते पुरावा म्हणून वापरताना थोडे सावध राहणे बरे.

सत्तांतर : ७ ऑक्टोबर १९५८ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी १९५६ चे संविधान रद्द केले, मंत्रिमंडळे व विधिमंडळे बरखास्त केली, राजकीय पक्षांवर बंदी घातली आणि अयूबखान यांना मुख्य लष्करी कायदा प्रशासक नेमले. मिर्झा हे मीर जाफरच्या घराण्यातले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून सँडहर्स्टला गेलेले, पण हयात मुलकी सेवेत घालवलेले. निमित्ते हाताशी होती. २३ सप्टेंबरला ढाक्याच्या विधानसभेत झालेल्या हाणामारीत उपसभापती शाहेद अली जखमी होऊन दगावले. ६ ऑक्टोबरला बलुचिस्तानातील कलातच्या खानाला (तेथील संस्थानिकाला) सैन्याने अटक केली. पण खरे कारण बहुधा फेब्रुवारी १९५९ मध्ये व्हावयाची सार्वत्रिक निवडणूक हे होते. ती झाली असती तर मिर्झा यांचे पद राहण्याची शाश्वती नव्हती.

उठावाच्या कर्तृत्वाविषयी तीन मते आढळतात. पहिल्यानुसार बेत मिर्झा यांचा. अयूब केवळ अंमलबजावणी करणारे. दुसऱ्यानुसार सैन्याची तयारी आधीच पूर्ण होती आणि मिर्झा यांची सही तेवढी वापरली गेली. तिसरे मत असे की दोघांनाही एकमेकांची गरज होती व दोघेही दुसऱ्याला नंतर बाजूला सारण्याच्या विचारात होते. पुढे खुल्या झालेल्या अमेरिकन कागदपत्रांवरून मिर्झा यांनी अमेरिकेच्या राजदूताला आधी कल्पना दिली होती असे दिसते. त्यामुळे पहिले मत अगदीच टाकून देता येत नाही. तरी पुढे सांगितलेला २७ ऑक्टोबरचा प्रकार पाहता तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. निर्णय नेमका केव्हा झाला हे निश्चित सांगता येत नाही. तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाला असावा.

संविधान रद्द करताना मिर्झा यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. त्यांचे राष्ट्राध्यक्षपद त्याच संविधानातून आले होते. ज्या फांदीवर बसायचे तीच त्यांनी तोडली. खाली उरली ती फक्त बंदूक, आणि ती त्यांच्या हातात नव्हती. अयूब यांना २४ ऑक्टोबरला पंतप्रधान नेमून त्यांनी डाव सावरू पाहिला. २७ तारखेच्या सकाळी कराचीत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्यात तीस वर्षांचे झुल्फिकार अली भुट्टोही होते. त्याच रात्री आझमखान, बर्की आणि शेख हे तीन जनरल राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेले. तयार राजीनाम्यावर सही घेण्यात आली. मिर्झा पतिपत्नींना आधी क्वेट्याला व तेथून लंडनला पाठवले. मिर्झा यांनी एका हवाई दल अधिकाऱ्याकरवी काही जनरलांना अटक करविण्याचा प्रयत्न केला, म्हणून हे करावे लागले, असे अयूब यांचे म्हणणे. पण ही हकीगत जिंकलेल्या बाजूची आहे, हे विसरून चालणार नाही. मिर्झा १९६९ मध्ये लंडनला वारले. मायदेशी दफन होऊ न शकल्याने त्यांना तेहरानमध्ये दफन केले.

डोसो खटला : याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल राजवटीच्या वैधतेचा पाया ठरला. मूळ प्रकरण बलुचिस्तानातील लोरालाई भागातले, अगदी स्थानिक. डोसो नावाच्या इसमाला खुनाच्या आरोपावरून सरहद्द गुन्हे विनियम, १९०१ खाली जिरगेने (टोळीतील वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने) दोषी ठरवले होते. सर्वसाधारण न्यायालयाऐवजी जिरगेपुढे उभे करणे हे संविधानातील समतेच्या हमीविरुद्ध आहे, असे उच्च न्यायालयाने म्हटले. अपील सर्वोच्च न्यायालयात येईपर्यंत ते संविधानच उरले नव्हते. सरन्यायाधीश मुनीर यांनी हान्स केल्सन या विधिमीमांसकाच्या सिद्धांताचा आधार घेतला : क्रांती यशस्वी झाली की ती स्वतःच नव्या विधिव्यवस्थेचा उगम ठरते, म्हणून जुन्या संविधानातील हक्क सांगता येत नाहीत. न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी निष्कर्ष मान्य केला, पण मूलभूत हक्क संविधानाबरोबर संपतात हे स्वीकारले नाही. केल्सन यांचे विवेचन कायदा कशामुळे कायदा ठरतो याविषयीचे होते. ते न्यायाधीशाने सत्ताधाऱ्याला द्यावयाचे प्रमाणपत्र नव्हते, हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आणि तो रास्त आहे. योगायोग असा, की मिर्झा यांची ‘क्रांती’ न्यायालयाने सकाळी यशस्वी ठरवली आणि रात्री मिर्झाच राहिले नाहीत.

मूलभूत लोकशाही : सत्तेची पहिली वर्षपूर्ती ऑक्टोबर १९५९ मध्ये झाली, त्या सुमारास अयूब फील्डमार्शल झाले आणि मूलभूत लोकशाहीचा आदेश निघाला. पूर्व व पश्चिम पाकिस्तान या दोन्ही प्रांतांत प्रत्येकी ४०,००० असे एकूण ८०,००० सदस्य प्रौढ मतदानाने निवडायचे, साधारण हजारभर लोकसंख्येमागे एक. ग्रामीण भागात त्यांची युनियन कौन्सिल. तिच्यावर तहसील (पूर्वेत ठाणे), जिल्हा व विभाग अशा चढत्या परिषदा. वरच्या परिषदांचे अध्यक्षपद सरकारी अधिकाऱ्यांकडे : जिल्ह्यात डेप्युटी कमिशनर, विभागात कमिशनर. रस्ता, मोरी, शाळेची खोली अशी कामे या परिषदांनी केली, विशेषतः पूर्व पाकिस्तानात अमेरिकन धान्यमदतीच्या पैशातून. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा याच काळातल्या (१९६२), आणि कागदावर पायऱ्याही सारख्याच दिसतात. साम्य तेथेच संपते. पाकिस्तानात हेच सदस्य राष्ट्राध्यक्ष निवडणारा मतदारगण होते. ज्याला रस्त्याचे पैसे डेप्युटी कमिशनरकडून आणायचे त्यानेच राष्ट्रप्रमुख निवडायचा, अशी ही रचना होती.

फेब्रुवारी १९६० मध्ये या सदस्यांना एकच प्रश्न विचारला गेला : राष्ट्राध्यक्षांवर विश्वास आहे काय? दुसरा उमेदवार नव्हता. सुमारे ९५ टक्के मते होकारार्थी पडली. १९६२ च्या संविधानाने राष्ट्राध्यक्षाला सर्व कार्यकारी सत्ता दिली. लायलपूरच्या (आताचे फैसलाबाद) घंटाघराची उपमा या संविधानाला देत असत. आठ बाजारांपैकी कोठूनही निघा, समोर घंटाघरच.

कारभार : राजकारण्यांना ‘एब्डो’ (इलेक्टिव्ह बॉडीज डिसक्वालिफिकेशन ऑर्डर) या १९५९ च्या आदेशाखाली निवडणुकीच्या पदांसाठी १९६६ अखेरपर्यंत अपात्र ठरवण्यात आले. डाव्या विचारांचा वृत्तपत्रसमूह सरकारने ताब्यात घेतला. जमीनसुधारणेत कमाल धारणा बागायतीस ५०० व जिरायतीस १,००० एकर ठेवली. एवढ्या मर्यादेने जमीनदार मोडणे शक्य नव्हते. १९६१ च्या मुस्लिम कौटुंबिक कायद्याच्या वटहुकुमाने दुसऱ्या विवाहास परवानगीची अट घातली आणि विवाहनोंदणी आणली. उलेमांचा विरोध असूनही तो टिकला. नेहरूंबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार (१९ सप्टेंबर १९६०), इस्लामाबाद ही नवी राजधानी, मंगला धरण ही याच काळातील. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९६०–६५) वाढीचा दर वर्षाला पाच टक्क्यांवर होता. नियोजन आयोगातील अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनीच १९६८ मध्ये सांगितले, की सुमारे दोनतृतीयांश औद्योगिक मत्ता व चारपंचमांश बँकव्यवसाय २२ कुटुंबांच्या हाती आहे. ‘बावीस घराणी’ हा शब्द तेव्हापासून घोषणाच झाला.

निवडणूक आणि युद्ध : २ जानेवारी १९६५ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत विरोधकांनी जिनांच्या भगिनी फातिमा जिना यांना उभे केले. अयूब यांचे चिन्ह गुलाब, फातिमांचे कंदील. वयाच्या सत्तरीत त्या दोन्ही प्रांतांत फिरल्या आणि सभांना गर्दी लोटली. पण गर्दीला मत नव्हते. अयूब यांना ४९,९५१ व फातिमा यांना २८,६९१ मते पडली. कराची आणि ढाका येथे मात्र अयूब हरले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले गेले. १ सप्टेंबरला छांबवर हल्ला झाला. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली. भारताचे संरक्षणमंत्री त्या वेळी यशवंतराव चव्हाण होते. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद कराराने दोन्ही सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतली. युद्ध जिंकत आहोत असे रेडिओवरून सतरा दिवस ऐकलेल्या पंजाबला हा करार पचला नाही. पूर्व पाकिस्तानची तक्रार निराळी : युद्धात त्या प्रांताला वाऱ्यावर सोडले होते. फेब्रुवारीत पूर्व पाकिस्तानातील अवामी लीगचे नेते शेख मुजीबुर रहमान यांनी लाहोरलाच प्रांतिक स्वायत्ततेची सहा कलमी मागणी मांडली. जूनमध्ये भुट्टो मंत्रिमंडळाबाहेर पडले व १९६७ अखेर त्यांनी पाकिस्तान पीपल्स पार्टी काढली.

ऱ्हास : जानेवारी १९६८ मध्ये अयूब गंभीर आजारी पडले. संविधानाप्रमाणे अशा वेळी राष्ट्रीय सभेच्या सभापतीने कारभार पाहायचा. तसे झाले नाही. काही आठवडे कोणाला भेटू द्यायचे हेसुद्धा सरसेनापती याह्याखान ठरवत होते. सत्ता वस्तुतः तेव्हाच सरकली, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याच वर्षी अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी अयूब यांची तुलना सोलोन व लायकर्गस या प्राचीन ग्रीक विधिदात्यांशी केली, आणि शरदात सरकारने ‘विकासाचे दशक’ साजरे करायला घेतले. साखर महागली होती.

ठिणगी क्षुल्लक होती. रावळपिंडीच्या गॉर्डन कॉलेजचे विद्यार्थी लंडी कोतलच्या बाजारातून परदेशी माल घेऊन परतत होते. तो जकातवाल्यांनी जप्त केला. ७ नोव्हेंबर १९६८ रोजी निषेधाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने पॉलिटेक्निकचा विद्यार्थी अब्दुल हमीद मरण पावला. तीन दिवसांनी पेशावरच्या सभेत अयूब यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते बचावले. भुट्टोंना अटक झाली. जानेवारीत ढाक्यात असद हा विद्यार्थी नेता ठार झाला. १५ फेब्रुवारीला आगरतळा खटल्यातील (भारताच्या मदतीने पूर्व पाकिस्तान तोडण्याचा कट केल्याचा मुजीब व इतरांवरील खटला) आरोपी सार्जंट जहुरुल हक लष्करी कोठडीत मारला गेला. २१ फेब्रुवारीस अयूब यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी आगरतळा खटला मागे घेऊन मुजीब यांना सोडावे लागले. मार्चमधील गोलमेज परिषदेत संसदीय पद्धत व प्रौढ मताधिकाराने थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी त्यांनी मान्य केल्या, म्हणजे दहा वर्षांचा सारा आराखडा स्वतःच मागे घेतला. पण प्रांतिक स्वायत्ततेचा प्रश्न तसाच राहिला, आणि भुट्टो व पूर्व पाकिस्तानातील डावे नेते मौलाना भाशानी परिषदेला आलेच नव्हते.

२५ मार्च १९६९ रोजी त्यांनी पद सोडले. सभापती अब्दुल जब्बार खान पूर्व पाकिस्तानचे होते. त्यांच्याकडे सूत्रे न देता आदल्या दिवशीच्या पत्राने अयूब यांनी सैन्याला आपले कर्तव्य करण्यास सांगितले. याह्याखान यांनी लष्करी कायदा पुकारून १९६२ चे संविधान रद्द केले.

असमा जिलानी खटल्यात (एप्रिल १९७२) सर्वोच्च न्यायालयाने डोसो निकाल चुकीचा ठरवला, याह्या यांना सत्ता बळकावणारा म्हटले आणि राष्ट्राध्यक्षाला असे हस्तांतर करण्याचा अधिकार स्वतःच्याच संविधानाखाली नव्हता, असा निर्वाळा दिला. अयूबखान तेव्हा इस्लामाबादेत राहत होते. १९ एप्रिल १९७४ रोजी त्यांचे निधन झाले व रेहाना येथे दफनविधी झाला.