महिन्याची यादी, ताटातला भात आणि रोजचे चालणे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे किराणा दुकान आणि त्याला लागून असलेली पिठाची गिरणी मालवण तालुक्याच्या किनारपट्टीवर आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरची महिन्याची यादी वर्षानुवर्षे आमच्याच वहीत लिहिली जाते. आम्ही वैद्य नाही; परंतु कोणाच्या घरी काय शिजते आणि किती शिजते, हे दुकानदाराला जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला कळत असेल. गेल्या काही वर्षांत यादीतला कुळीथ आक्रसला, तेलाचा डबा मोठा झाला, आणि सामान बांधता बांधता होणाऱ्या गप्पांत साखर व रक्तदाबाच्या गोळ्यांचा विषय नेमाने येऊ लागला, म्हणून हे पत्रक काढत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपले मालवणी जेवण वाईट नाही. उलट भात, कडधान्य, मासे, नारळ, पालेभाजी आणि आमसूल यांची ही सांगड बरीच शहाणपणाची आहे. मात्र या ताटातला भाताचा ढीग ज्यांच्यासाठी रचला गेला ती माणसे दिवसभर नांगर धरत होती, रापणीचे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढत होती, डोक्यावर गवताचा भारा घेऊन घाटी चढत होती. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, होडीला इंजिन लागले, विहिरीवर पंप बसला आणि बाजारात जायला दुचाकी आली, तरी भाताचा ढीग होता तेवढाच राहिला. तांदूळ विकणाऱ्याने हे सांगावे याचे काहींना नवल वाटेल, पण भात कमी करा असे आम्ही जाणूनबुजून लिहीत आहोत.

यादीचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात दिवसाला 2000 किलोकॅलरींचे जे नमुन्याचे ताट मांडले आहे, त्यात धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्याऐवजी अंडी-मासे-मांस 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम आहे. ही सर्व वजने कच्च्या, न शिजवलेल्या जिनसांची आहेत. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने आणि आपल्या संस्थेनेही दिवसाला 5 ग्रॅम ठेवली आहे, आणि वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असावी असे सांगितले जाते.

ग्रॅमचा हिशेब स्वयंपाकघरात कोणी ठेवत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून तो आम्ही महिन्याच्या यादीत उतरवला आहे. चार प्रौढ माणसांच्या घरात तीस दिवसांना सगळे धान्य मिळून 30 किलो, डाळी-कडधान्ये 10 किलोच्या आसपास, तेल-तूप सव्वातीन किलो म्हणजे मापाने साधारण साडेतीन लिटर, साखर 3 किलो आणि मीठ 600 ग्रॅम लागावे. धान्य म्हणजे केवळ तांदूळ नव्हे; गहू, पोहे, रवा, घावण्यांचे पीठ आणि बेकरीतून येणारे पाव व खारीसुद्धा याच 30 किलोत धरावयाची आहेत. मिठाची एक किलोची पिशवी चौघांना पन्नास दिवस पुरली पाहिजे. उन्हाळ्यात लोणची आणि पापड यांसाठी नेलेले मीठ या हिशेबात धरू नये, असे कोणी म्हणेल. पण ते लोणचे अखेर आपणच खातो.

आपली यादी या आकड्यांशी ताडून पाहिली की बहुधा एकच गोष्ट दिसते : धान्य वर, कडधान्य खाली. आपल्याकडे मासे असल्यामुळे कडधान्य 10 किलोपेक्षा कमी भरणे स्वाभाविक आहे आणि त्यात काही बिघडत नाही. अडचण येते ती वार पाळण्याच्या दिवशी. सोमवारी किंवा गुरुवारी मासे नाहीत म्हणून ताटात भात, सोलकढी आणि बटाट्याची भाजी एवढेच उरत असेल, तर त्या दिवशी प्रथिने जवळजवळ नाहीतच. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तर हे दोन महिने चालते. त्यासाठी आपल्या घरातच जुने उत्तर आहे. कुळथाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात आणि पिठी करायला पंधरा मिनिटे पुरतात. काळ्या वाटाण्याची उसळ फक्त वड्यांबरोबर आणि पाहुणे आले तरच करावी, असा काही नियम नाही.

तांदूळ कोणता, नाचणी कशी

जे तांदूळ कमी करतील त्यांनी उरलेला तांदूळ चांगला निवडावा. उकड्या तांदळाचे भात सालासकट उकडून मग सडले, म्हणजे कांडून त्याचा कोंडा काढला जाते, आणि उकडताना कोंड्यातील ब गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्याच्या आत शिरतो, त्यामुळे सडल्यावरही तो टिकून राहतो. पांढराशुभ्र पॉलिश तांदूळ कोंड्याबरोबर हे सगळे गमावून बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर काम करणाऱ्या क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांना असे आढळले होते की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळाला की सुधारतात. या कामाने जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट उघडली आणि 1929 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या आजीला हे नाव माहीत नव्हते, तरी सकाळी तिच्या चुलीवर उकड्या तांदळाची पेजच असे. पेजेचा आणखी एक गुण म्हणजे वाडगाभर पेजेत तांदूळ थोडा आणि पाणी पुष्कळ असते, त्यामुळे पोट भरते पण धान्य कमी लागते.

कोंडा राखलेल्या तांदळात तेलाचा अंश असल्यामुळे तो आपल्या दमट हवेत लवकर खवट होतो. तो एका वेळी पंधरवड्यापुरताच न्यावा. दर जास्त आणि टिकाऊपणा कमी, ही त्या तांदळाविषयीची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर आमच्याकडे उपाय नाही.

नाचणीविषयी अलीकडे फार बोलले जाते, विशेषतः 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे खरे आहे; ते सगळेच अंगी लागत नाही, हेही खरे आहे. नाचणी भिजवून मोड आणले असता शोषणात अडथळा आणणारा फायटेट हा घटक कमी होतो. तथापि दोन गैरसमज आम्हांला रोज गिरणीवर दिसतात. पहिला असा की नेहमीचा भात खाऊन वर नाचणीची भाकरी घेतली की तब्येत सुधारते. नाचणी हेही धान्यच आहे. ती भाताच्या जागी यावी, भाताच्या सोबतीला नव्हे. दुसरा गैरसमज असा की भिजवून वाटलेली नाचणी फडक्यातून गाळून काढलेले सत्त्व सर्वांनाच अखंड पिठापेक्षा चांगले. सत्त्व काढताना फडक्यात जो चोथा उरतो त्यातच बहुतेक तंतुमय भाग असतो. लहान बाळाला किंवा आजाऱ्याला सत्त्व योग्य आहे, पण मधुमेह असलेल्या धडधाकट माणसाने नाचणीचे अखंड पीठच वापरावे आणि ते बारीक चाळणीने चाळू नये. मोड आणलेली नाचणी दळायला आणताना ती कडकडीत वाळलेली असावी, अन्यथा पीठ चार दिवसांत वास मारते आणि दोष गिरणीच्या पाट्याला येतो.

नारळ, मीठ आणि गोड

ओल्या खोबऱ्याच्या वजनात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो आणि त्यातील बहुतांश संपृक्त प्रकारचा असतो. याचा अर्थ नारळ सोडावा असा नाही. नारळाशिवाय आमटी करा, असे मालवणात लिहिण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र ज्या कालवणात अर्धा नारळ वाटून घातला आहे त्याला फोडणीत पुन्हा पळीभर तेल लागत नाही. तळलेल्या सुरमईच्या तुकडीपेक्षा बांगड्याचे तिखले किंवा पेडव्यांचे कालवण यांत तेल कमी जाते, आणि बांगडा-पेडवे हे स्वस्त मासे ओमेगा-3 या हितकारक स्निग्धांशाच्या बाबतीत कोणत्याही महाग माशाच्या तोडीचे आहेत.

मिठाचा शिरकाव आपल्याकडे मागच्या दाराने होतो. सुका बांगडा, खारवलेले मासे, लोणचे, पापड, कोकमाचे आगळ आणि दुपारच्या चहाबरोबरचे फरसाण यांतून ते येते, आणि भाजीत मीठ बेताचे असूनही रक्तदाब का उतरत नाही, याचे कोडे पडते. सुका मासा शिजवण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्यावे, आणि ज्या दिवशी सुके आहे त्या दिवशी ताटात लोणचे-पापड नसावेत. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. असे मीठ मागणाऱ्याला आम्ही दुकानात हाच प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नये.

अमृत कोकम हे औषध नव्हे. ते साखरेत मुरवून केलेले सरबत आहे आणि आम्ही ते सरबत म्हणूनच विकतो. तहानेसाठी दोन आमसुले पाण्यात भिजवून, जिरेपूड घालून घ्यावीत. आंब्याचे दिवस मोजके असतात, तेव्हा कोणालाही आंबा वर्ज्य करण्यास आम्ही सांगत नाही. जेवणावर आंबा खायचा असेल तर त्या जेवणातला भात तेवढा उचलावा, आणि आमरसात साखर घालण्याचे कारण हापूसच्या मुलखात तरी नसावे.

येथे एक सावधगिरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना भात एकदम निम्मा करू नये, कारण औषधाची मात्रा जुन्या भातावर ठरलेली असते आणि साखर अचानक उतरून घाम, थरथर, घेरी येऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलावे, मगच यादी बदलावी.

चालणे

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काम करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की चालताना बोलता यावे, पण भजन म्हणता येऊ नये. 150 मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, आणि तो अर्धा तास सलग असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे अंगणात फेऱ्या मारल्या तरी जेवणोत्तर वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते; आपल्याकडे मात्र जेवणोत्तर पहिला हक्क वामकुक्षीचा असतो.

किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी भरतीरेषेखालच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. कोरड्या वाळूत पाय रुततो, श्रम दुप्पट होतात आणि पोटऱ्या धरतात. वाळूला समुद्राकडे उतार असतो, म्हणून एका दिशेने गेल्यावर त्याच वाटेने परत यावे, म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर भार सारखा पडतो. मार्च ते मे या काळात हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. तेव्हा आठच्या आत घरी परतावे.

पावसाळा हा खरा कसोटीचा काळ, कारण जूनमध्ये बंद झालेले चालणे बहुधा दिवाळीपर्यंत सुरू होत नाही. पडवीची लांबी पंधरा पावले असली तरी तिथे अर्धा तास फिरता येते, जरी घरचे हसले तरी. सूर्यनमस्कार आहेतच. ज्यांची लावणी चालू आहे त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही, पण लावणीचे पंधरा दिवस वर्षाला पुरतात असे मानू नये. चतुर्थीच्या रात्रीची फुगडी उत्तम व्यायाम आहे. मात्र अकरा महिने न हललेल्या गुडघ्यांवर ती एकदम लादू नये. स्नायूंसाठी रहाटावरून पाणी ओढणे, भरलेली कळशी उचलणे, पाटावर बसून हात न टेकता उठणे ही कामे पुरेशी आहेत. चालताना छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबून त्याच दिवशी तपासून घ्यावे.

वजनकाट्यापेक्षा कंबरेची फीत अधिक खरे बोलते. भारतीयांसाठी पुरुषांत 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरली जाते, आणि अंगाने बारीक दिसणारी पुष्कळ माणसे तिच्या बाहेर असतात.

दुकानात काय व्यवस्था आहे

यादी देताना घरात किती प्रौढ आणि किती मुले आहेत हे सांगितल्यास आम्ही प्रौढांपुरते आकडे वरील हिशेबाने तिच्यासमोर लिहून देतो. त्यासाठी पैसे घेत नाही आणि कोणती वस्तू कमी करावी हे ठरवणे आपल्याकडेच राहते. वाढत्या वयाची मुले, गरोदर व स्तनदा माता यांना हे आकडे लागू नाहीत. कुळीथ भाजून आणल्यास पिठी वेगळ्या पाळीत दळून मिळते, कारण गव्हाच्या पाठोपाठ दळली तर तिची चव बिघडते. पावसाळ्यात कोणतेही पीठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त दळून नेऊ नये. घरपोच सामान देणे चालू आहे, पण पाच किलोपर्यंतची पिशवी ज्यांना नेता येईल त्यांनी ती चालत येऊन न्यावी अशी विनंती आहे. दळण सकाळी दहापर्यंत आणून दिल्यास संध्याकाळी तयार मिळते. सोमवारी गिरणी बंद असते.