फंडाचे ट्रस्टी आणि फंडाची 'स्वतंत्र समिती': दोन्ही एक नव्हेत

कोकण एकेकाळी मुंबईच्या मनिऑर्डरवर चालायचं. आता त्यातली बरीच घरं दुबई, टोरांटो, सिडनीपर्यंत पसरली आहेत. त्यामुळे एकाच कुटुंबात दोन देशांचे म्युच्युअल फंड सुखाने नांदतात. वडिलांची एसआयपी चिपळूणच्या बँकेतून जाते, लेकीचे पैसे कॅनडातल्या कुठल्याशा बँकेच्या फंडात असतात. गणपतीला सगळे गावी जमले की हे विषय निघतातच. लेकीच्या कागदांत 'इंडिपेंडंट रिव्ह्यू कमिटी' असं काहीतरी वाचून वडील खुशाल म्हणतात, "म्हणजे आमचे ट्रस्टीच की ते!"

तसं नाही. दोघांचा हेतू बराचसा सारखा आहे, पण दोघांच्या हातात असलेली सत्ता फार वेगळी आहे.

आधी ज्या दुखण्यासाठी ही औषधं काढली ते पाहू. देवगडच्या बागायतदाराने हापूसच्या पेट्या वाशीला अडत्याकडे पाठवल्या. अडत्याने माल विकला, आपली अडत कापून पट्टी पाठवली. माल घेणारी पेढी अडत्याच्या मेव्हण्याची होती हे बागायतदाराला कळलंच नाही. कदाचित भाव चोख मिळाला असेल, चोरी झालीच असं कोणी म्हणत नाही. पण चढा भाव मिळावा म्हणून ज्याला नेमलं, त्याचं घरचं हित उतरत्या भावात आहे. हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच. लबाडी सिद्ध व्हायच्या कितीतरी आधी तो सुरू झालेला असतो.

फंडाच्या व्यवस्थापकापुढे असे प्रसंग रोजचे. आपल्याच गटातल्या कंपनीचे रोखे फंडात घ्यायचे का? एका योजनेतून नकोसे झालेले रोखे दुसऱ्या योजनेच्या गळ्यात घालायचे का? शेअर खरेदी-विक्रीचं काम आपल्याच दलाली कंपनीला द्यायचं का? प्रत्येक वेळी एका बाजूला हजारो युनिटधारक, म्हणजे फंडात पैसे घातलेली माणसं, असतात आणि दुसऱ्या बाजूला व्यवस्थापकाचं स्वतःचं घर.

कॅनडाने यावर नेमका इलाज काढला. 'नॅशनल इन्स्ट्रुमेंट ८१-१०७' हा नियम १ नोव्हेंबर २००६ पासून लागू झाला आणि जनतेला युनिट विकणाऱ्या प्रत्येक फंडाला स्वतंत्र परीक्षण समिती सक्तीची झाली. किमान ३ सदस्य, आणि सगळेच्या सगळे स्वतंत्र. व्यवस्थापकाचा एकही माणूस त्यात चालत नाही. सुरुवातीचे सदस्य व्यवस्थापक नेमतो, हे खरं. पण पुढे जागा रिकामी झाली की ती समिती स्वतः भरते. सदस्याची एक मुदत १ ते ३ वर्षांची असते, आणि ६ वर्षांहून जास्त काळ बसायचं तर समितीबरोबर व्यवस्थापकाचीही संमती लागते.

तिथे ही समिती का लागली हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. कॅनडातले बहुतेक फंड कायद्याने ट्रस्टच असतात, पण अनेक ठिकाणी व्यवस्थापन कंपनीच ट्रस्टीही असते. राखणारा आणि ज्याच्यापासून राखायचं तो, असे दोघे तिथे एकच होते. म्हणून बाहेरची माणसं आणून बसवली, आणि त्यांना काम दिलं ते एकच.

ते असं. व्यवस्थापकाला हितसंबंधांच्या संघर्षाचा प्रसंग दिसला की पुढे जाण्याआधी तो समितीपुढे ठेवावा लागतो. समिती पाहते की या व्यवहारातून फंडासाठी न्याय्य आणि वाजवी निष्पत्ती होते का. प्रसंग दोन प्रकारचे आहेत. काहींत समितीची मान्यता असल्याशिवाय पाऊल टाकताच येत नाही: फंडाफंडांतले आपसातले व्यवहार, संबंधित कंपनीचे रोखे घेणं वगैरे. बाकीच्यांत समिती फक्त शिफारस करते. व्यवस्थापक ती डावलू शकतो, पण मग तसं समितीला लेखी कळवावं लागतं, आणि समितीला वाटलं तर ती गोष्ट युनिटधारकांनाही कळवायला लावू शकते. वर्षातून एकदा समिती युनिटधारकांसाठी अहवाल काढते. सदस्य कोण, त्यांना मानधन किती मिळालं, व्यवस्थापकाने कुठे समितीचं ऐकलं नाही, हे सगळं त्यात येतं. मानधन फंडातूनच जातं, म्हणजे लेकीच्याच पैशातून. आपल्याकडे ट्रस्टींची फीसुद्धा योजनेच्या खर्चातच धरलेली असते, तेव्हा त्यावरून कोणी कोणाला नावं ठेवायला नकोत.

या व्यवस्थेत एक सौदा लपलेला आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. समिती येण्याआधी यातले बरेच व्यवहार सरळ बंदच होते, नाहीतर नियामकाकडून सूट मागावी लागायची. समिती आली आणि दार किलकिलं झालं: तिने हो म्हटलं तर करा. एकाच घराण्यातल्या दोन फंडांचं विलीनीकरण ठरावीक अटींत बसत असेल तर युनिटधारकांचं मतदानही लागत नाही, समितीची मान्यता आणि ६० दिवस आधी नोटीस पुरते. म्हणजे समिती जितकी पहारेकरी, तितकीच परवाना देणारी खिडकी. तिच्या नावातल्या 'स्वतंत्र' या शब्दावर भाळून जाऊ नये, असं माझं मत यामुळेच आहे.

आता वडिलांचे ट्रस्टी. इथे सगळी रचनाच निराळी. भारतात म्युच्युअल फंड हा १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली स्थापन झालेला ट्रस्ट असतो. प्रायोजक, म्हणजे फंड सुरू करणारी मूळ कंपनी, तो उभा करतो, ट्रस्टी युनिटधारकांसाठी मालमत्ता सांभाळतात, आणि ॲसेट मॅनेजमेंट कंपनी, म्हणजे एएमसी, हिला ट्रस्टींनी कामावर ठेवलेलं असतं. रोखे प्रत्यक्ष ठेवायला आणखी वेगळा कस्टोडियन. एसआयपीच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरांत जे नाव छापलेलं असतं त्या कंपनीच्या मालकीचे हे पैसे नव्हेत, ती फक्त ते चालवते. एएमसी उद्या बुडाली तरी तिचे घेणेकरी योजनेच्या पैशाला हात लावू शकत नाहीत. चांगली शिकली-सवरलेली माणसंही इथे हमखास घोळ घालतात.

म्हणून आपल्या ट्रस्टींची सत्ता कॅनडाच्या समितीच्या कितीतरी पुढे जाते. ते एएमसीकडून तिमाही अहवाल घेतात, स्वतः सेबीला, म्हणजे आपल्याकडच्या बाजार नियामकाला, सहामाही अहवाल देतात, आणि बहुमताने ठरवलं तर एएमसीलाच घरी पाठवू शकतात, अर्थात सेबीच्या मान्यतेने. ७५ टक्के युनिटधारकांनी ठरवलं तरी तेच होतं. योजना गुंडाळण्याचा निर्णयही ट्रस्टी घेऊ शकतात. कॅनडाची समिती व्यवस्थापकाला काढू शकत नाही. तो अटी पाळत नसेल तर नियामकाला कळवायचं, एवढंच तिच्या हाती.

स्वतंत्रपणात मात्र आपण मागे आहोत. सेबीच्या १९९६ च्या नियमावलीने ट्रस्टींपैकी दोन तृतीयांश प्रायोजकाशी संबंध नसलेले असावेत असं ठरवलं, आणि एएमसीच्या संचालक मंडळात निम्मे. उरलेला एक तृतीयांश प्रायोजकाच्या गोटातला असू शकतो, आणि ट्रस्टी नेमतोही प्रायोजकच. सत्ता मोठी आणि अंतर कमी, असं हे गणित आहे. कॅनडात नेमकं उलटं.

दोन्हीकडे विचार करण्याची पद्धतही वेगळी. कॅनडात प्रसंग आला की समितीला विचारायचं. आपल्याकडे बऱ्याच प्रश्नांना आधीच आकड्यांचं कुंपण घातलेलं आहे. त्याच नियमावलीच्या सातव्या अनुसूचीने प्रायोजकाच्या गटातल्या कंपन्यांचे शेअर बाजारात नोंदणी नसलेले रोखे घ्यायला मनाई केली, त्यांनी खासगी वितरणातून काढलेल्या रोख्यांनाही मनाई केली, आणि त्यांच्या नोंदणीकृत रोख्यांना निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली. योजनायोजनांतली देवाणघेवाण चालू बाजारभावानेच व्हायला हवी. त्या अटी २०२१ च्या सुरुवातीपासून आणखी घट्ट झाल्या, कारण गाळात गेलेले रोखे एका योजनेतून दुसरीत ढकलण्याची वाट त्यातूनच जात होती. माझा कल आकड्यांच्या बाजूने आहे. आकड्याला शेजारधर्म पाळावा लागत नाही. पण आकड्याला पळवाट सापडते आणि चांगल्या समितीला ती पळवाट दिसते, हेही कबूल करायला हवं.

आपल्याकडे ही विभागणी आकाशातून पडलेली नाही. जुन्या युनिट ट्रस्टमध्ये, म्हणजे १९६३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या यूटीआयमध्ये, राखणारा आणि चालवणारा एकाच छताखाली होते. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिट-६४ या योजनेची खरेदी-विक्री थांबली तेव्हा निवृत्त मास्तरांपासून गिरणी कामगारांपर्यंत किती घरांना घोर लागला, ते त्या पिढीला विचारा. २००३ मध्ये यूटीआयचे दोन तुकडे झाले आणि त्यातला म्युच्युअल फंडाचा भाग सेबीच्या चौकटीत आला.

ट्रस्टींच्या सत्तेला शेवट कुठे, हे २०२० मध्ये दिसलं. २३ एप्रिलला, टाळेबंदीच्या ऐन भरात, फ्रँकलिन टेम्पलटनच्या ६ कर्जरोखे योजना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यांत सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. ट्रस्टींचा अधिकार मोठा, पण युनिटधारकांना न विचारता तो वापरता येतो का, यावर भांडण झालं. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये सांगितलं की साध्या बहुमताची संमती हवी, आणि जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संमतीची गरज मान्य केली. मतदान त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, झालं होतं, आणि एसबीआय फंड्स मॅनेजमेंटने रोखे विकत पैसे हप्त्याहप्त्याने परत केले. कॅनडाच्या समितीपुढे एवढा मोठा निर्णय आलाच नसता. ते तिचं कामच नव्हे.

आता गोंधळात भर घालणारं तिसरं नाव. सेबीने २०२३ मध्ये नियम बदलले आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक एएमसीच्या संचालक मंडळाला 'युनिट होल्डर प्रोटेक्शन कमिटी' नेमायला लावली. नावात समिती आहे, काम युनिटधारकांचं रक्षण आहे, म्हणून हीच ती कॅनडाची समिती असं बऱ्याच जणांना वाटतं. मुळात ही एएमसीच्या मंडळाचीच उपसमिती आहे, घरातली. ट्रस्टींचं लक्ष सतरा बारीकसारीक कामांत विखुरलं होतं. त्यातला बराच भार एएमसीच्या मंडळाकडे सरकवला आणि ट्रस्टींनी मुळावर नजर ठेवावी असं ठरलं: फी आणि खर्च रास्त आहेत का, कामगिरी कशी आहे, प्रायोजकाचा दबाव चालतो का, गटातल्या कंपन्यांना झुकतं माप मिळतं का, चुकीची विक्री थांबवायची सोय आहे का. कॅनडाच्या समितीचा आत्मा शोधायचाच असेल तर तो आपल्या ट्रस्टींच्या या यादीत सापडेल, नावाने जवळ वाटणाऱ्या त्या उपसमितीत नाही.

दोघांपैकी कोणाकडूनही जे मिळणार नाही, तेही सांगून टाकतो. बाजार पडला तर समिती वाचवत नाही आणि ट्रस्टीही नाहीत. फंड मॅनेजरने शेअर चुकीचे निवडले यात हितसंबंधांचा संघर्ष नाही, तो नुसता वाईट अंदाज. गुहागरच्या शाखेत कोणी मुदत ठेव मोडायला लावून आजीच्या गळ्यात भलतीच योजना मारली, तर तिचा अर्ज कॅनडातही समितीकडे जात नाही आणि इथेही ट्रस्टी तो उघडून बसत नाहीत. इथे आधी एएमसीकडे लेखी तक्रार करायची, दाद मिळाली नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर, आणि तिथेही भागलं नाही तर ऑनलाइन वादनिवारणाच्या स्मार्ट ओडीआरवर.

वाचायचंच असेल तर लेकीने समितीचा वार्षिक अहवाल फंड कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्यावा. एरवी तो छोटासा असतो, आणि त्यात व्यवस्थापकाने समितीचा सल्ला डावलल्याचे प्रसंग कुठे आहेत ते आधी पाहावं. वडिलांनी योजनेच्या वार्षिक अहवालातला ट्रस्टींचा अहवाल उघडावा. त्याची भाषा दरवर्षी ठोकळेबाज असते, त्यामुळे तिथे फार वेळ न घालवता हिशेबांच्या टिपणांत जावं. प्रायोजकाच्या गटातल्या कंपन्यांत किती गुंतवलं, संबंधित दलालांना आणि वितरकांना किती कमिशन दिलं, याचे आकडे तिथे छापावे लागतात.