वजनाच्या ऑपरेशननंतर सोडा का नको

दुर्बिणीतून वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की पहिल्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच रुग्णांची एक तक्रार ठरलेली असते : "गॅस झालाय." पोट फुगल्यासारखं वाटतं, खांदा दुखतो, नीट आडवं होता येत नाही. मग भेटायला आलेलं कुणीतरी नर्सची पाठ वळल्यावर हळूच विचारतं, "घोटभर सोडा देऊ का? एक ढेकर आला की मोकळं वाटेल." आपल्याकडे हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. जेवण जड झालं की गाडीवरचा लिंबू-सोडा, छातीत जळजळलं की इनो. त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर 'सोडा, कोल्ड्रिंक बंद' असं स्पष्ट लिहिलेलं असलं तरी ती बंदी गोड कोल्ड्रिंकपुरतीच आहे असं अनेकजण धरून चालतात. साधा सोडा त्यांच्या लेखी औषधात जमा असतो.

आधी त्या दुखऱ्या खांद्याचं पाहू. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतले अवयव नीट दिसावेत म्हणून पोटाची पोकळी वायूने फुगवतात. आतला दाब साधारण पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका ठेवतात. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. तो पेट घेत नाही, रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून त्याची निवड झाली. ऑपरेशन संपल्यावर तो काढून टाकतात, तरी थोडा श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, उरतो आणि तिथे टोचत राहतो. श्वासपटलाकडे जाणारी चेतातंतूंची वाट आणि खांद्याची त्वचा, दोन्हींची मुळं मानेतल्या मज्जारज्जूच्या एकाच भागात आहेत. त्यामुळे त्रास पोटात असतो आणि दुखतो खांदा.

हा वायू जठराच्या आणि आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो. ढेकर देऊन तो निघायला वाटच नाही. त्याला रक्तात विरघळू द्यायचं, आणि त्यासाठी वॉर्डात चालायचं, एवढाच उपाय. त्या अवस्थेत दिलेला सोडा बाहेरच्या वायूला हातही लावत नाही. उलट नुकत्याच शिवलेल्या जठरात नवा वायू भरतो. एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. डावा खांदा दुखतोय, आणि सोबत नाडी जलद चालते, ताप आहे किंवा पोटदुखी वाढत चालली आहे, असं असेल तर तो 'गॅस' समजू नका. शिवण गळत असल्याची ती खूण असू शकते. रात्र असो वा सुट्टीचा दिवस, सर्जनला कळवा.

सोडा म्हणजे औषध, ही समजूत काही फक्त आपल्याकडची नाही. सोड्याच्या जन्मापासून ती त्याला चिकटलेली आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली बिअरच्या भट्टीशेजारी राहत असे. आंबवणीच्या पिंपांवर तरंगणारा वायू त्याने १७६० च्या दशकात पाण्यात मिसळून पाहिला आणि १७७२ मध्ये त्याची रीत छापून प्रसिद्ध केली. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना होणारा स्कर्व्ही या पाण्याने टळेल, अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली, पण फसफसतं पाणी टिकलं. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात काचेच्या गोळीची बाटली काढली, तोच आपला गोटी सोडा. त्या बाटलीला बूच नसतं. आतल्या वायूचा दाबच गोटीला तोंडाच्या रबरी कडीवर घट्ट धरून ठेवतो. सोड्यात किती दाब कोंडलेला असतो ते तिथे डोळ्यांना दिसतं.

आकड्यांत सांगायचं तर एक लिटर कोलामध्ये साधारण साडेतीन लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. दाब जितका जास्त तितका वायू द्रवात जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. बाटली उघडली की दाब जातो आणि बुडबुडे सुटतात. त्यात तापमानाची भर पडते, कारण द्रव गरम होतो तशी त्याची वायू धरून ठेवण्याची ताकद कमी होते. फ्रीजमधून काढलेला घोट पोटात ३७ अंशांना पोचतो तेव्हा त्यातला बराचसा वायू तिथेच बाहेर पडतो. थोडा ग्लासात ओततानाच उडून जातो हे धरलं, तरी घोटाच्या दुप्पट-तिप्पट वायू जठरात मोकळा होऊ शकतो.

धडधाकट जठराला याचं काही वाटत नाही. जठराचा वरचा, डावीकडचा घुमटासारखा भाग त्यासाठीच तर आहे. अन्न किंवा वायू आला की तो सैल होतो, आतला दाब फारसा वाढू न देता जागा करून देतो. आपण बसलेले किंवा उभे असताना वायू याच घुमटात गोळा होतो. छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला श्वासपटलाखाली दिसणारा काळा बुडबुडा तो हाच. घुमट पुरेसा ताणला की मेंदूकडे संदेश जातो, अन्ननलिकेच्या टोकाची झडप काही सेकंद उघडते आणि ढेकर येतो. सोडा प्यायल्यावर येणारा ढेकर बहुतांशी त्याच सोड्यातल्या वायूचा असतो. आधीचा थोडा वायू त्याबरोबर निघतो, ताण उतरतो, बरं वाटतं. निरोगी माणसांवरच्या अभ्यासांतही पोट तटतटल्याची तक्रार दिसली ती फसफसतं पेय एका वेळी ३०० मिलीच्या वर प्यायल्यावर.

'स्लीव्ह' या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनात नेमका हा घुमट काढून टाकतात. सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडीची नळी जठरात घालून, तिच्या कडेने टायटॅनियमच्या पिनांची शिवण मारत पंचाहत्तर ते ऐंशी टक्के जठर कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. घुमटाबरोबर घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक तयार करणारा मोठा भागही जातो, आणि या ऑपरेशनच्या यशाचा तो एक भाग आहे. पण सैल होऊन जागा देणारा भागही त्याच्याबरोबर गेलेला असतो. इस्रायलमधल्या सर्जनांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत पूर्ण जठरात सरासरी दीड लिटर द्रव मावत होता, स्लीव्हमध्ये जेमतेम १३० मिली. आणि भरल्यावर स्लीव्हमधला दाब पूर्ण जठरापेक्षा जास्त होता. जागा दहा पटींनी कमी, वर भिंती ताठर. अशा नळीत शंभर मिली वायू अचानक मोकळा झाला तर तो वर अन्ननलिकेत घुसतो, सोबत आम्ल घेऊन जातो, आणि रुग्णाला छातीत कळ येते. स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास तसाही पुष्कळांना होतो, काहींना तर आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी सोड्याच्या वाटेला जाऊच नये.

वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन म्हणजे जठराचा बायपास. त्यात जठर काढत नाहीत. वरचा जेमतेम ३० मिलीचा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या ऑपरेशनचं हे सुधारलेलं रूप. इथेही घुमट अन्नाच्या वाटेतून बाद झालेला असतो. मात्र कप्प्याचं तोंड आतड्यात उघडं असल्यामुळे वायू खाली सरकू शकतो. आतड्याचं अस्तर कार्बन डायऑक्साइड भराभर शोषून घेतं, पण तोवर पोटात मुरडा येऊन जातो.

आता इनोकडे वळतो, कारण सोड्यावरच्या बंदीत फ्रूट सॉल्टही येतं हे फार थोड्या रुग्णांच्या लक्षात येतं. या पुडीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं. दोघांना पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. रसायनाच्या हिशेबाने एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून शरीराच्या तापमानाला सुमारे ३०० मिली वायू निघतो, आणि एका पुडीत असा सोडा दोन ग्रॅमच्या आसपास असतो. फेस मावळण्याआधीच ग्लास रिकामा केला, आणि आपण तो तसाच करतो, तर त्यातला मोठा वाटा १३० मिलीच्या नळीत उतरतो. शिवाय त्यातलं सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला नको असतं, आणि वजनाच्या ऑपरेशनला येणाऱ्यांत रक्तदाब असलेले पुष्कळ असतात. छातीत जळजळ होत असेल तर आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. घरच्या डब्यातल्या पुडीची ती जागा नाही.

या विषयात एक भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी करून सांगितली जाते : सोडा प्यायलात तर पोटाची पिशवी कायमची ताणली जाईल आणि ऑपरेशन वाया जाईल. याला भक्कम पुरावा नाही. खरं तर डॉक्टर स्वतःच कधी कधी रुग्णाच्या जठरात मुद्दाम वायू सोडतात. स्लीव्हचा आकार मोजायचा असेल तेव्हा फसफसणारे दाणे गिळायला देऊन सीटी स्कॅन काढतात. नळी तेवढ्यापुरती फुगते, वायू गेला की बसते. काही वर्षांत स्लीव्ह थोडी रुंदावते हे मोजमापांत दिसलेलं आहे, पण त्याचा दोष सोड्यावर टाकता येत नाही. पहिले काही आठवडे ही गोष्ट निराळी. तेव्हा शिवण कच्ची असते, त्यावर जादा दाब कोणताच सर्जन पत्करणार नाही, आणि पत्करूही नये.

या भीतीबद्दल इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. 'पोट फाटेल' असं ऐकलेला माणूस सहा महिन्यांनी लग्नात धाडस करून दोन घोट कोल्ड्रिंक घेतो. काहीच होत नाही. मग त्याला वाटतं, डॉक्टर उगाच घाबरवत होते, आणि त्याच सल्ल्यातला खरा भागही तो सोडून देतो. खरा भाग आहे साखरेचा. साध्या कोलात दर १०० मिलीमागे सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे. स्लीव्हमध्ये भाकरी आणि उसळ थांबते, पोट भरल्याची जाणीव देते. कोल्ड्रिंक सरळ खाली उतरतं. भूक तशीच राहते आणि सव्वाशेच्या वर उष्मांक पोटात गेलेले असतात. घोट घोट करत दिवसभर पिणाऱ्याला लहान पोट अडवू शकत नाही. उतरलेलं वजन पुन्हा चढतं त्यात अशा पातळ साखरेचा मोठा हात असतो, मग ती कोल्ड्रिंकची असो, उसाच्या रसाची असो की डब्यातल्या ज्यूसची.

बायपास झालेल्यांना साखर लगेचही धडा देते. गोड द्रव कप्प्यात न थांबता आतड्यात कोसळतो आणि तिथे पाणी ओढून घेतो. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, चक्कर, पोटात कळा, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा झटका येतो. साखर झपाट्याने रक्तात चढल्यामुळे इन्सुलिन भरमसाट स्रवतं आणि रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी घरचे 'अशक्तपणा आलाय' म्हणून पुन्हा गोड सरबत देतात आणि चक्र नव्याने सुरू होतं.

बाटली उघडी ठेवून, वायू उडवून मग प्यायलं तर? वायूचा प्रश्न मिटला, साखर आणि आम्ल तिथेच आहे. डाएट किंवा झीरो पेयांत साखर नाही, पण वायू आहे, आणि कोलाची आम्लता इतकी असते की वारंवार घेतल्यास दातांचं कवच झिजतं. ऑपरेशननंतर उलट्या किंवा आम्लपित्त असणाऱ्यांचे दात आधीच सोसत असतात. साधा सोडा त्यातल्या त्यात बरा. काही महिने गेले, त्रास काहीच नाही, आणि तुमच्या सर्जनची हरकत नसेल, तर दोन-चार घोट घेऊन पाहायला माझ्या मते घाबरण्याचं कारण नाही. जेवणाबरोबर नको, स्ट्रॉने नको, आणि छातीत दाटलं तर लगेच थांबायचं.

या सगळ्यात तहान विसरली जाते, आणि ते मला अधिक काळजीचं वाटतं. ऑपरेशननंतर दिवसाला निदान दीड लिटर द्रव पोटात जायला हवा, तोही छोट्या घोटांनी, जेवणानंतर अर्धा तास सोडून. शरीरातलं पाणी कमी होणं हे अशा रुग्णांना पुन्हा दाखल करावं लागण्याचं एक नेहमीचं कारण आहे. साधं पाणी जात नाही, मळमळतं, असं सांगणारे रुग्ण कोल्ड्रिंककडे वळतात ते बहुधा चवीसाठी. त्यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात पर्याय आहेत : पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी, कोकमाचं पाणी, गाळलेलं वरणाचं पाणी. कोणत्या आठवड्यापासून काय चालेल ते मात्र आपल्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

राहिली सोडा घालून घेतलेली दारू, आणि बिअर. बायपास आणि स्लीव्ह, दोन्हींनंतर दारू जठरात रेंगाळत नाही. ती आतड्यात लगेच पोचते, रक्तात लवकर चढते आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या १० रुग्णालयांतल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारूच्या विकाराचं प्रमाण ऑपरेशनच्या आधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलं. बायपास झालेल्यांत धोका अधिक होता. म्हणजे तपासण्या चांगल्या आलेल्या असतात, कपडे सैल झालेले असतात, डॉक्टरांच्या भेटी विरळ झालेल्या असतात, त्याच काळात हे वाढतं. तेव्हा दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी दारूबद्दल थेट विचारावं, आणि त्यांनी नाही विचारलं तर घरच्यांनी विषय काढावा. एकच पेग घेतला असला तरी गाडी दुसऱ्याने चालवावी.