टॉप मॉडेलमधला इशारा

2016 साली दाजींसोबत जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये गाडी बघायला गेलो होतो. बेस मॉडेलला एअरबॅग नव्हती, टॉप मॉडेलला दोन होत्या. दाजी म्हणाले, "आपल्याला कुठं मुंबईला पळवायचीय? अंबाजोगाई ते लातूर, लातूर ते अंबाजोगाई." बेस मॉडेल घेतलं. वाचलेल्या पैशांत सीट कव्हर आणि मोठे स्पीकर आले.

विमान कंपन्याही अशाच यादीवर खुणा करत विमान घेतात. खुर्च्या कोणत्या, रंग कोणता आणि कॉकपिटच्या पडद्यावर काय दिसावं, हेही. बोइंग 737 मॅक्सच्या यादीत जादा पैशांची एक तबकडी होती.

ती कशाची, हे एसटीच्या खिडकीत बसलेल्या पोराला कळेल. आईची नजर चुकवून हात बाहेर काढायचा, तळवा आडवा धरून पुढची कड जरा उचलायची. वारा हात वर उचलतो. आणखी तिरका केला की उचल संपते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. विमानाच्या पंखाचंही तेच. वारा आणि पंख यांच्यातला हा कोन, म्हणजे 'अँगल ऑफ अटॅक' (एओए), साधारण 15 अंशांपलीकडे गेला की पंखाची उचल ढासळू लागते. तो मोजायला विमानाच्या नाकाडाच्या दोन्ही बाजूंना वाऱ्यासरशी वळणारं एकेक छोटं पातं असतं. हा कोन पडद्यावर दाखवणारी ती तबकडी.

मॅक्समध्ये 'एमकॅस' नावाची प्रणाली होती. कोन फार वाढलाय असं वाटलं की ती विमानाचं नाक आपणहून खाली दाबायची, आणि विश्वास ठेवायची एकाच पात्यावर. दोन्ही पात्यांचं जमत नसेल तर पडद्यावर 'एओए डिसअग्री' असा संदेश येणार होता. हा संदेश सगळ्यांना मिळायचा होता. पण सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ज्यांनी ती तबकडी विकत घेतली, त्यांच्याच विमानात तो चालू राहिला. बोइंगला हे 2017 मध्येच कळलं. विमान कंपन्यांना कळलं ते पहिल्या अपघातानंतर.

तो अपघात लायन एअरचा, 29 ऑक्टोबर 2018, 189 बळी. त्या कंपनीने तबकडी घेतली नव्हती. बालीला डाव्या बाजूचं पातं बदललं होतं, आणि नवं बसवलेलं पातं तब्बल 21 अंशांनी चुकत होतं. आदल्या रात्री बालीहून जकार्ताला येताना विमानाने असाच त्रास दिला, पण कॉकपिटमध्ये जास्तीचा तिसरा वैमानिक होता, त्याच्या मदतीने निभावलं. उतरल्यावर वैमानिकाने वहीत लिहिलं ते वेग आणि उंचीच्या घोळाबद्दल. मेकॅनिकने त्याप्रमाणे हवेचा दाब मोजणाऱ्या भागाच्या नळ्या साफ केल्या, एक विजेचा प्लग पुसून बसवला आणि विमान सोडलं. पात्याला कुणी हात लावला नाही. लावणार तरी कसा?

या 'डिसअग्री'च्या इशाऱ्याबद्दल बोलताना लोक वैमानिकाचाच विचार करतात. नाक खाली जाणाऱ्या विमानात एक ओळ वाचून तो वाचलाच असता, असं मला काही छातीठोक म्हणवत नाही. मला तो इशारा मेकॅनिकसाठी हवा होता. रात्री, जमिनीवर, हातात पाना असताना. यादीवर खूण करणाऱ्या खरेदी विभागातल्या माणसाला तो मेकॅनिक दिसत नाही. त्याला दिसते ती तबकडी आणि तिची किंमत. एमकॅसबद्दल तर वैमानिकांच्या पुस्तिकेतही लिहिलेलं नव्हतं, मग ग्राहकाने कशाच्या जोरावर ठरवायचं?

10 मार्च 2019 ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान तसंच कोसळलं, 157 जण गेले. मग जगभर मॅक्स जमिनीवर बसलं. भारतात ते पुन्हा उडू लागलं ऑगस्ट 2021 नंतर.

माणसं गेल्यावरच इशारा सगळ्यांना मिळणं, हे आपल्याकडे आधीही घडलंय. 1996 च्या नोव्हेंबरात हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं आभाळात धडकली आणि 349 माणसं मेली. त्यानंतर टक्कर टाळणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. अमेरिकेत ते आधीच सक्तीचं होतं.

आता मॅक्सचा एमकॅस दोन्ही पाती ताडून बघतो. 5.5 अंशांहून जास्त फरक आला की गप्प बसतो. 'डिसअग्री' संदेश प्रत्येक विमानात येतो. तबकडी मात्र अजून मागूनच घ्यावी लागते, फक्त तिचे पैसे पडत नाहीत.