पट्टी येईपर्यंतचा ताण

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरी-देवगडकडच्या आंबा बागायतदाराची झोप उडालेली असते. आंबा उतरवायचा, आढी लावायची, प्रतवारी करायची, पेट्या भरायच्या आणि संध्याकाळची गाडी गाठायची. घरचे, शेजारचे एकच सल्ला देतात : काम जरा कमी कर, म्हणजे ताण कमी होईल. सल्ला मायेचा असतो, पण रोगाचं निदान चुकलेलं असतं. पेट्या भरताना माणूस दमतो, पण तेव्हा त्याच्या पोटात गोळा येत नाही. तो येतो गाडी वाशीच्या घाऊक बाजाराला निघून गेल्यावर. दर काय फुटला, किती माल दुय्यम ठरला, भाडं-हमाली वजा जाता हातात काय पडणार, हे दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, येईपर्यंत कळत नाही. त्या मधल्या वेळात करण्यासारखं काहीच नसतं आणि छाती मात्र तेव्हाच धडधडते.

मालवणात चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या बाईंचंही तेच. शनिवारी सगळ्या खोल्या भरलेल्या असल्या तर त्या रात्री अकरापर्यंत राबतील आणि गाढ झोपतील. "बहुतेक येतो, उद्या कळवतो" असा निरोप आला की सुरमई किती घ्यायची इथपासून सगळं अधांतरी. व्यवसाय छोटा असला की हा अधांतरीपणा वाटून घ्यायला दुसरं कोणी नसतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली नेमकं हेच मोजलं. पंचेचाळीस जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसतात, दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. कुठल्या दगडाखाली साप निघण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता शिकायचं, आणि ती शक्यता मध्येच बदलायचीही. खेळ चालू असताना हाताला सुटणारा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला जात होता. जांभ्याचा चिरा उचलताना आपलं जे होतं, तेच इथे प्रयोगशाळेत आणलेलं.

झटका बसणार हे पक्कं ठाऊक असताना ताण सर्वात जास्त असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. साप असण्याची शक्यता ५० टक्के होती तेव्हा ताण शिगेला पोहोचला. झटका नक्की बसणार हे कळल्यावर तो उतरला.

याचं गणित मला फार सुंदर वाटतं, म्हणून थोडं विस्ताराने. एखादी गोष्ट घडण्याच्या शक्यतेला 'श' म्हणू. ती ० ते १ मधली संख्या. अनिश्चिततेचं एक सोपं माप म्हणजे श × (१ − श). शक्यता ०.१ असेल तर ०.१ × ०.९ = ०.०९. शक्यता ०.९ असेल तर ०.९ × ०.१, पुन्हा ०.०९. म्हणजे वाईट घडण्याची शक्यता नऊपट झाली, तरी अनिश्चितता होती तेवढीच. शक्यता ०.५ असेल तर ०.५ × ०.५ = ०.२५, आणि यापेक्षा मोठा आकडा कुठल्याच 'श'ला येत नाही. आलेख काढला तर मधोमध उंच आणि दोन्ही टोकांना शून्य अशी कमान दिसते. प्रयोगातलं प्रत्यक्ष गणित याहून गुंतागुंतीचं होतं, कारण तिथे मेंदू आपला अंदाज प्रत्येक डावागणिक दुरुस्त करत होता. तरी शरीराचा ताण या कमानीच्या अंगाने चढत-उतरत गेला. आणखी एक : ज्यांचा ताण अनिश्चिततेबरहुकूम कमी-जास्त होत होता, ते साप ओळखण्यातही सरस ठरले. म्हणजे ताण हा नुसता त्रास नाही. "इथे तुझा अंदाज कच्चा आहे, लक्ष दे" ही मेंदूने दिलेली हाक आहे.

हाक दिल्यावर शरीरात दोन गोष्टी होतात. पहिली झटपट : मूत्रपिंडावर बसलेली अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक सोडते, ठोके वाढतात. रक्तातलं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. दुसरी सावकाश : मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी अधिवृक्क ग्रंथीला, आणि मग कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक पाझरतं. ते रक्तातली साखर वाढवतं. त्याची भरती वीस ते तीस मिनिटांनी येते आणि ते निम्मं व्हायला तास-दीड तास लागतो. रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल साचलं की तेच हायपोथॅलॅमसला "आता पुरे" सांगतं. पाण्याच्या टाकीतला फ्लोट वर आला की नळ बंद होतो ना, तसं.

आता हा फ्लोट आणि मोबाइल एकत्र आणून बघा. दर पंधरा मिनिटांनी "आजचा दर काय" म्हणून ग्रुप उघडला आणि दर वेळी काळजात धस्स झालं, तर आधीचं कॉर्टिसॉल निम्मंही ओसरलेलं नसतं तोच नळ पुन्हा उघडतो. असं महिनोन् महिने चाललं की झोप, साखर आणि रक्तदाब तिन्ही बिघडायला लागतात.

न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारास जे वाइस नावाच्या संशोधकाने उंदरांवर केलेला प्रयोग याच्या जोडीला ठेवण्यासारखा आहे. दोन उंदरांना शेपटीवर सारखेच झटके. एकाला झटक्याआधी दर वेळी आवाजाची सूचना, दुसऱ्याला आवाज कधीही, झटक्याशी संबंध नसलेला. सूचना मिळणाऱ्याच्या जठरात व्रण थोडे, दुसऱ्याच्या कितीतरी जास्त. (माणसाच्या अल्सरमागे बहुतेक वेळा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, तेव्हा उंदराचं जठर थेट आपल्या पोटाला चिकटवू नये.) सूचनेचा फायदा दुहेरी होता : आवाज झाला की सावध व्हायचं, आणि आवाज नसेल तोवर निर्धास्त राहायचं. हा दुसरा भाग जास्त मोलाचा. बंदरावरचा वादळाच्या इशाऱ्याचा बावटा हेच काम करतो. बावटा नाही, तोवर होडीवाल्याला दर लाटेकडे संशयाने बघावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा कमाई शून्य, पण ते शून्य आधीपासून ठाऊक असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवचित उठलेल्या वादळाची गोष्ट वेगळी.

देवळात कौल लावून आल्यावर हलकं वाटतं, तेही याचमुळे. उजवीकडची पाकळी पडली, निर्णय लागला, कमान मधून टोकाला आली. हलकं वाटणं खरं आहे. पण पाकळी पडते ती तिच्या ओलाव्याने आणि वजनाने. बाजारातल्या दराची किंवा कर्जाच्या व्याजाची माहिती तिच्यात नसते. श्रद्धा ज्याची त्याची, पण कर्ज काढायचं की नाही हे पाकळीवर सोपवू नका. "कॉर्टिसॉल धुऊन काढणाऱ्या" पावडरींवरही पैसे घालवू नका. कॉर्टिसॉल हा मळ नाही. ते खरोखर संपलं तर ॲडिसनचा आजार म्हणतात आणि उपचार न केल्यास तो जिवावर बेततो.

म्हणजे छोट्या व्यावसायिकाचं काम ठरलं : जिथे जिथे ०.५ आहे, तिथून तो आकडा एखाद्या टोकाकडे ढकलायचा. बुकिंगला निम्मी आगाऊ रक्कम घ्यायची. सात दिवस आधी रद्द केलं तर सगळी परत, नंतर नाही, हे निरोपातच लिहून टाकायचं. काही गिऱ्हाईकं जातील. जी उरतील ती येणारी असतील. काही पेट्या ठरलेल्या दराने घरपोच गिऱ्हाइकांना द्यायच्या, भले तो दर वाशीच्या चढ्या भावापेक्षा कमी असो.

मग वहीत एकच आकडा काढायचा : आज कमाई थांबली तर किती दिवस चालेल? समजा मदतनीस मावशींचा पगार १२,०००, कर्जाचा हप्ता १८,०००, वीज ५,०००, किरकोळ ३,०००. पावसाआधी कौलं परतणं, परवाने वगैरे वर्षाचे २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. एकूण ४०,०००. हातात रोख ८०,०००, तर उत्तर ६० दिवस. इथे दोन चुका हमखास होतात. येणं असलेली उधारी रोख रकमेत धरली जाते, आणि वर्षाचे खर्च विसरले जातात. उत्तर २० दिवस आलं तरी ते लिहा. वीस ही संख्या "काय होईल कोण जाणे"पेक्षा मेंदूला सोसवते, आणि बँकेत हप्त्यांची फेररचना मागायला कधी जायचं तेही तिच्यावरूनच ठरतं.

दर आणि निरोप दिवसात दोनदाच बघायचे, सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच. नवीन बुकिंगचे फोन तेवढे चालू ठेवायचे.

धडधड सुरू झालीच तर चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस चेतातंतू हृदयाचे ठोके मंदावतो, म्हणून बाहेरचा श्वास लांब हवा. छाती फुगवून भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती उलट वाढते. छातीत दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली तर श्वास मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दोन आठवडे झोप नाही, जगण्यात राम वाटत नाही असं झालं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रात्रीसाठी पाच मिनिटांचं एक काम. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुणांची झोप मोजली. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. "बँकेचं बघायचं" असं लिहिलं तर तो ०.५ रात्रभर उशाशीच राहतो. "सोमवारी अकराला बँक, सोबत मार्चपर्यंतचं पासबुक आणि जीएसटीच्या तीन पावत्या, विचारायचं : हप्ता जुलैपासून चालेल का" असं लिहायचं, आणि वही स्वयंपाकघरात ठेवून यायची.