गिअरच्या सदोष भागासाठी मोटारसायकल रिकॉल: इंदूरच्या गाडीमालकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

रिकॉल म्हणजे सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट तपासणे किंवा दुरुस्त करणे. तो चेसिस नंबरवर चालतो. गाडी कोणाच्या नावावर आहे, वॉरंटी संपली का, फ्री सर्व्हिसिंग वेळेवर झाले होते का, कर्ज फिटले का, नंबर एमपी 09 आहे की एमएच 12, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. कंपनीच्या यादीत तुमच्या गाडीचा चेसिस नंबर असेल तर काम फुकट होते. नसेल तर शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलचे काम झाले असले तरी तुमचे होणार नाही.

इंदूरमध्ये हे आवर्जून सांगायला हवे. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर भागांत पुण्या-मुंबईहून आणलेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या गाड्या पुष्कळ आहेत. कंपनीचे पत्र किंवा एसएमएस मात्र नोंदीतल्या पत्त्यावर आणि मोबाईलवर, म्हणजे बहुतेकदा पहिल्या मालकाकडे जातो. पत्र आले नाही म्हणून आपली गाडी ठीक आहे असे धरून चालू नका. नंबर स्वतः तपासा.

दोष नेमका कुठे असतो

पायाची लिव्हर एका दातेरी शाफ्टवर बसते. शाफ्ट इंजिनच्या आत आर्म हलवतो, आर्म शिफ्ट ड्रम (खाचा असलेला दंडगोल) फिरवतो, ड्रमच्या खाचांतून शिफ्ट फोर्क (काट्यासारखे भाग) सरकतात आणि फोर्क गिअर जागेवर नेतात. दर वेळी लिव्हरला मधल्या जागी परत आणते ती रिटर्न स्प्रिंग. ती तुटली की लिव्हर वर किंवा खाली पडून राहते आणि गाडी आहे त्याच गिअरमध्ये अडकते. लिव्हरचे किंवा शाफ्टचे दाते झिजले तर लिव्हर नुसतीच फिरते. फोर्क वाकला किंवा गिअरचे डॉग (एकमेकांत अडकणारे दाते) गोल झाले की रेस दिल्यावर गिअर आपोआप उडतो. ड्रमला धरून ठेवणारा स्टॉपर आर्म कमजोर असला की दोन गिअरांच्या मधेच खोटा न्यूट्रल लागतो. सगळ्यांत वाईट म्हणजे आतला तुकडा तुटून दातांत गेला तर मागचे चाक जाम होऊ शकते.

खंडवा रस्त्यावर भेरूघाट उतरताना गिअर उडाला तर इंजिनचा रोध एकदम संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून अशा दोषाला ‘गिअर जरा कडक आहे’ म्हणून सोडून देऊ नये. गिअर आपोआप उडत असेल किंवा चाक अडखळत असेल तर गाडी चालवत नेऊ नका. वर्कशॉपला फोन करून उचलून न्यायची सोय मागा.

मात्र आधी साध्या गोष्टी बघा: क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 15 मिलिमीटर मोकळी चाल आहे का, चेन मॅन्युअलप्रमाणे ताणलेली आहे का, ऑइलची पातळी आणि ग्रेड बरोबर आहे का. क्लच पूर्ण सुटत नसला तरी गिअर अडकतो, आणि तो रिकॉलचा विषय नाही.

पात्रता कशी तपासायची

चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो. तो हँडलखाली, फ्रेमच्या पुढच्या नळीवर ठोकलेला असतो. हँडल पूर्ण वळवून ओल्या फडक्याने पुसला की वाचता येतो. आरसीवरही तोच असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर तो पूर्ण द्यावा लागतो. इथे एक चूक फार होते: शून्याच्या जागी ‘ओ’ आणि एकच्या जागी ‘आय’ टाकला जातो. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरतच नाहीत. तेव्हा गोल दिसेल ते शून्यच.

यादी बहुतेकदा उत्पादनाच्या तारखांवरून ठरते. मार्च 2021 मध्ये होंडाने एचनेस सीबी 350 परत बोलावली, ती फक्त 25 नोव्हेंबर ते 12 डिसेंबर 2020 दरम्यान बनलेली. गिअरबॉक्समधल्या एका काउंटर गिअरचा धातू ठरल्या दर्जाचा नव्हता. आरसीवरची नोंदणीची तारीख इथे उपयोगी नाही, कारण गाडी बनल्यावर शोरूममध्ये महिना-दोन महिने उभी असू शकते.

यादीत नाव आले म्हणजे भाग बदलणारच असेही नाही. रॉयल एनफिल्डने मे 2021 मध्ये इग्निशन कॉइलसाठी 2,36,966 गाड्या बोलावल्या, पण त्यांतल्या 10 टक्क्यांहून कमी गाड्यांना नवा भाग लागेल असे कंपनीनेच सांगितले होते. बाकीच्यांची फक्त तपासणी. तपासणीचाही लेखी शेरा घ्यावा.

वर्कशॉपला जाताना

आरसी पुरते; डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली चालते. सर्व्हिस बुक असेल तर न्या, नसले तरी अडत नाही. मालक स्वतः येत नसेल तर त्याचे दोन ओळींचे सहीचे पत्र आणि आरसीची प्रत. विमा आणि पीयूसीचा रिकॉलशी संबंध नाही. गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर असली तरी काम अडू नये, पण फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घ्याच, म्हणजे पुढचे पत्र तुमच्याकडे येईल. पत्ता बदलला असेल तर फॉर्म 33. महाराष्ट्रातून कायमची आणलेली गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाची फॉर्म 28 वरची एनओसी लागते. नायता मुंडलाच्या आरटीओत जायचे ते एवढ्याच कामांसाठी. रिकॉलचा अर्ज तिथे घेत नाहीत.

जाण्यापूर्वी फोन करून भाग आला आहे का ते विचारा. भाग नसताना गाडी सोडून आलात तर ती आठवडाभर नुसती उभी राहील. जॉब कार्ड (वर्कशॉपचा कामाचा कागद) बनताना चार गोष्टी लिहून घ्या: रिकॉलचा मोहीम क्रमांक, चेसिस नंबर, किलोमीटर, आणि तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत, उदाहरणार्थ ‘तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना लिव्हर परत येत नाही’. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेल्या कार्डावर सही करू नका.

बाहेरची लिव्हर किंवा लिंक बदलायला अर्धा तास लागतो. रिटर्न स्प्रिंग आणि स्टॉपर आर्म बऱ्याच गाड्यांत क्लच कव्हरच्या मागे असतात; ऑइल काढून, कव्हर उघडून दोन-तीन तास. ड्रम किंवा फोर्क बदलायचा तर बहुतेक गाड्यांत इंजिन उतरवून त्याची केस उघडावी लागते, म्हणजे एक-दोन दिवस. गॅस्केट (कव्हरखालची, ऑइल गळू न देणारी पट्टी) नवीनच हवे. ऑइल आणि गॅस्केट याच कामासाठी लागत असल्याने त्यांचे पैसे कोण देणार ते आधीच कार्डावर लिहून घ्या. वाद नेमका इथेच होतो. शेवटी शून्य रकमेचे बिल आणि ‘रिकॉल पूर्ण’ ही नोंद घ्या. गाडी विकताना ती कामाला येते.

रिकॉल जाहीर होण्याआधीच स्वतःच्या खर्चाने हा भाग बदलला असेल तर जीएसटी बिल, जॉब कार्ड, जुना भाग आणि रद्द केलेला चेक जोडून परताव्याचा लेखी अर्ज कंपनीला करा. जुना भाग मेकॅनिककडे सोडू नका, तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

रिकॉल जाहीरच झालेला नसेल तर

भारतात 2012 पासून कंपन्या स्वेच्छेने रिकॉल करतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. त्यानुसार सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते आणि कंपनीला 10 लाख ते 1 कोटी रुपये दंड होऊ शकतो. कंपनीने स्वतः दोष कळवून गाड्या बोलावल्या तर हा दंड नाही.

आदेशासाठी एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमाव्या लागतात. म्हणून परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवरच्या रिकॉल विभागात तुमची एक तक्रार नोंदवण्याला खरा अर्थ आहे. त्यात गाडीचा नंबर, दोष कधी आणि किती वेगात दिसला, आणि वर्कशॉपने काय सांगितले ते लिहा. तपासणी लागली तर ती मान्यताप्राप्त संस्थेकडून होते. पीथमपूरचे नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र जवळ असले तरी तिथे स्वतः गाडी नेऊन उपयोग नाही. चाचणीचा आदेश वरून यावा लागतो.

वर्कशॉप यादीतल्या गाडीलाही पैसे मागत असेल तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरी निघाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही इंदूरला राहता म्हणून इंदूरलाच तक्रार करता येते, गाडी कुठेही घेतलेली असो. भरलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा. भागाची प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर निकालासाठी कायद्याने पाच महिन्यांची मुदत धरली आहे, एरवी तीन. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती आणि लिव्हर अडकल्याचा व्हिडिओ पहिल्या अर्जासोबतच जोडा.